मेलेल्या बोटुकलीचा हिशोब कोणाच्या नावावर?



2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि कपाशी-दादरच्या आपल्या कोरडवाहू रानात तळी झाली. पाणी साठवले आहेच, तर चार मासे सोडावेत म्हणून अनेकांनी रोहू, कटला, मृगळाची बोटुकली आणली. माझ्या मेहुण्यानेही आणली. सोडली तेव्हा सगळी जिवंत होती. आठव्या दिवसापासून अंगावर कापसासारखी बुरशी आलेली, शेपटी झडलेली पोरे काठाला लागू लागली. बीज देणारा म्हणाला, "माल जिवंत मोजून दिला, तुमचे पाणी खराब." मेहुणा गप्प बसला. बियाणे उगवले नाही की आपल्याला हेच ऐकवतात, त्याची सवयच झाली आहे.

पाणी खराब असूही शकते. ते तपासावेच. पण आठ दिवसांनी येणाऱ्या मरणाचे मूळ पुष्कळदा प्रवासाच्या दिवशीच असते, आणि हे शास्त्राला ठाऊक आहे. हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांवर दाखवले, की इजा थंडीची असो, जखमेची असो वा विषाची, शरीर एकाच तऱ्हेने कोलमडते आणि रोगाशी लढणाऱ्या ग्रंथी आक्रसतात. माशाचेही तसेच. जाळ्यात ओढला, हवेत धरला, की काही मिनिटांत त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य चढते. माशाच्या हाडांत आपल्यासारखी रक्त तयार करणारी मज्जा नसते. ते काम मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो, आणि कॉर्टिसॉल सोडणाऱ्या पेशीही त्याच भागात असतात. म्हणजे ज्या घरात शिपाई तयार होतात, त्याच घरात भोंगा वाजतो. थोडा वेळ वाजला तर मासा सावरतो. पण जाळे, मग मोजणी, मग गर्दीची पिशवी, मग दुपारचा टेम्पो असा मारा लागोपाठ झाला, की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात.

दुसरी गोष्ट अंगावरच्या बुळबुळीत थराची. कोरड्या हाताने किंवा खरबरीत जाळ्याने तो निघाला, की माशाचे कुंपणच मोडले. बुरशी आणि जंतू तळ्यात कायमचेच असतात. त्यांना वाट मिळते. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त असते. घाबरलेल्या माशाचे मीठ कल्ल्यांतून झिरपून जाते. म्हणून वाहतुकीच्या पाण्यात लिटरला दोन-तीन ग्रॅम साधे मीठ टाकले तर त्याला आधार मिळतो. औषधाच्या बाटलीपेक्षा हे कितीतरी स्वस्त.

बैलबाजारातून आणलेली जोडी दहा कोस चालवून आल्या आल्या कोणी औताला जुंपत नाही. मग बोटुकली दुपारी बाराला तापलेल्या पिशवीतून तळ्यात का ओततो? कागद अंथरलेल्या तळ्याचे पाणी वेगळे, पिशवीतले वेगळे. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्यावी, तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे, मग मासे आपणहून बाहेर जाऊ द्यावेत.

पण निम्मे काम आपल्या हातात नाही. बीज देण्याआधी दिवसभर उपाशी ठेवणे, दाट पाण्यात थांबवून सवय लावणे, पहाटे प्राणवायू भरून बांधणे, हे विकणाऱ्याचे काम. ते झाले की नाही हे पिशवी पाहून कळत नाही. योजनेच्या कागदावर तळ्याची लांबी-रुंदी असते, मासे जगले किती याचा रकाना नसतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की पाच-दहा तळेवाल्यांनी मिळून बीज मागवावे आणि पैसे दोन हप्त्यांत द्यावेत. पहिला हप्ता मोजणीच्या दिवशी. दुसरा पंधरा दिवसांनी. प्रत्येकाने थोडी बोटुकली तळ्यातच बारीक जाळीच्या हाप्यात वेगळी ठेवावी आणि विकणाऱ्याच्या माणसासमोर मोजावी. एका तळ्यात मेली तर पाण्याचा दोष म्हणता येईल. दहाही तळ्यांत मेली, तर दहाजणांचे पाणी एकाच आठवड्यात कसे नासले, हे त्याने बैठकीत येऊन सांगावे.