टोपणाला तडा गेला म्हणून

दिवाळीची झाडलोट निघाली की टेबलाच्या खणातून हमखास एखादे जुने फाऊंटनपेन बाहेर येते. निब शाबूत, जिभली शाबूत. फक्त टोपणाच्या काठाला केसाएवढा तडा. घरातली व्यवहारी मंडळी तत्काळ निकाल देतात, "टाका ते, नवे घ्या!" दसऱ्याला जिथे पाटीपूजन झाले, त्याच घरात दोन-तीन आठवड्यांच्या आत लेखणी केरात जाते आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. आम्हांला वाटते.

तड्यातून हवा शिरते, निबवरची शाई वाळते आणि पहिले दोन शब्द उमटत नाहीत. दुखणे एवढेच! दोष टोपणाचा, फाशी पेनाला.

बरे, तडा जातो तो आमच्याच अडदांडपणामुळे. टोपणाच्या काठाशी आतून आटे पाडलेले असतात, त्यामुळे तिथली भिंत आधीच पातळ. ते करकचून आवळायचे किंवा लिहिताना पेनाच्या शेपटावर ठोकून बसवायचे, म्हणजे निमुळते शेपूट पाचरीसारखे आत घुसून काठ फाकवते. चांगले कारागीर काठावर धातूची पट्टी चढवतात. लोक तिला दागिना समजतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जे करते, तेच ती करते.

"नवे घ्या" म्हणणाऱ्यांहून आम्हांला अधिक भय वाटते ते झटपट गोंदवाल्यांचे. सायनोॲक्रिलेट हे रसायन १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत हाती लागले आणि १९५८ पासून बाजारात आले. तेव्हापासून कपाच्या कानापासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत सर्वत्र त्याचाच थेंब! पेनाच्या टोपणावर त्याची वाफ पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, आणि आटे आवळताच तो ठिसूळ सांधा पुन्हा उलतो. ओघळ आट्यांत गेला तर टोपण पेनाला जन्माचे चिकटले म्हणून समजा.

आधी जिन्नस ओळखावा. टोपण अंगठ्याने खसाखसा घासून हुंगावे. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, गंधकाचा आला तर एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. सेल्युलॉइड ॲसिटोनमध्ये विरघळते. म्हणून बारीक कुंचल्याच्या टोकाने तड्यात किंचित ॲसिटोन सोडावे, काठ जुळवून दोऱ्याने बांधावे आणि आठवडाभर विसरून जावे. कडा एकमेकींत विरघळून एकजीव होतात. मग अगदी बारीक पॉलिश कागदाने घोटावे. एबोनाइटला मात्र ॲसिटोनने सांधता येत नाही. तिथे लेथवर काठाची खाच कातून पातळ पट्टी बसवणारा कारागीरच हवा.

"या खर्चात दुसरे पेन येईल," हा आक्षेप शाळकरी पोराच्या स्वस्त पेनापुरता आम्ही मान्य करतो. पण वीस वर्षे एकाच हाताच्या कलाने झिजलेली निब कोणत्या दुकानात मिळते? बायकोच्या किंवा वडिलांच्या हातात ते पेन द्या. अक्षर लगेच बिघडते.

राग खरा आहे तो विकणाऱ्यांवर. महागडे पेन मखमली पेटीतून विकतील, पण नुसते टोपण मागितले की "सुटे येत नाही!" २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे ठेवली. ठीकच झाले. परंतु टोपण सुटे मिळावे, ही मागणी करायला समिती कशाला हवी? यंदा खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला आधी तेच विचारा, आणि नाही म्हणाला तर पेटी परत सरकवा.

आणि घरी सेल्युलॉइड सांधायला बसणार असाल तर खिडकी उघडी ठेवा आणि पणत्यांपासून दूर बसा. ॲसिटोन आणि सेल्युलॉइड, दोन्ही क्षणात भडकतात.