ऊर्जेचा शेअर आणि कर्जाचा रकाना

सोयाबीन-कापूस विकून हंगामाचा पैसा हाती आला की आमच्याकडे येणारे प्रश्न बदलतात. मलकापूर, चिखली, खामगावकडच्या तरुण वाचकांनी सध्या एकच विषय लावून धरला आहे. ऊर्जा क्षेत्रातले कोणते शेअर घ्यावेत, कोणता फंड बरा, आणि त्यातले आपल्याला जायज काय? शेतात सौरपंप आले, छतांवर पॅनल दिसू लागले. जे डोळ्यांसमोर वाढते आहे त्यात आपलाही वाटा असावा असे कोणालाही वाटेल.

शेअर घेणे म्हणजे धंद्यात भागीदारी. धंदा हलाल हवा, हे कोणाला सांगायला नको. वीज, कोळसा, तेल, पवनचक्की यांत हराम ते काय, असे म्हणून बरेच जण इथेच थांबतात आणि शेअर घेऊन मोकळे होतात. पण ऊर्जेच्या नावाने ओळखली जाणारी कंपनी नेमके विकते काय, हे कोण पाहतो?

'इरेडा'चेच घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांना विक्रीस आलेला हा शेअर पुढच्या जुलैत तीनशेच्या वर गेला. 'ग्रीन एनर्जीचा शेअर' म्हणून तो मोबाइलवर गावोगाव फिरला. या कंपनीचा मुख्य धंदा मात्र वीज बनवण्याचा नाही, वीज बनवणाऱ्यांना व्याजाने कर्ज देण्याचा आहे. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आणि आरईसी यांचेही तेच. आरईसी १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणासाठी निघाली आणि खेड्यांत वीज पोचवण्यात तिचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. तरी भागधारकाच्या पदरात पडते ती मुख्यतः व्याजाची कमाई. नावात 'पॉवर' आहे एवढ्यावर हे शेअर आपल्या यादीत घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी चाळणी कर्जाची, आणि ऊर्जा क्षेत्र अडते ते इथेच. आपल्याकडे शरिया निर्देशांकांसाठी वापरली जाणारी प्रचलित कसोटी अशी आहे: कंपनीवरचे व्याजी कर्ज एकूण मालमत्तेच्या २५ टक्क्यांच्या आत असावे आणि व्याजाचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत. काही निर्देशांक कर्जाची मर्यादा एक तृतीयांशापर्यंत सैल धरतात. आता वीज प्रकल्प कसा उभा राहतो ते पाहा. केंद्रीय वीज नियामक आयोग दर ठरवताना प्रकल्पाचा खर्च ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल असा धरतो. म्हणजे नवी वीज कंपनी जन्मतःच कर्जात असते. वार्षिक अहवालातल्या ताळेबंदात 'कर्जे' हा रकाना शोधा, त्याला एकूण मालमत्तेने भागा. हजार कोटींच्या मालमत्तेवर सहाशे कोटींचे कर्ज दिसले, तर विषय संपला. दहा मिनिटांचे काम आहे, आणि दहावी-बारावी झालेल्या मुलीही घरात बसून करू शकतात.

हा नियम केवळ दीनदारांच्या उपयोगाचा आहे असे समजू नका. पुण्याच्या सुझलॉनने २००७ मध्ये जर्मनीची आरई-पॉवर घेतली, त्यासाठी कर्ज उचलले. २००८ च्या सुरुवातीला चारशेच्या वर असलेला शेअर २०२० मध्ये दोन-तीन रुपयांवर आला होता. मधे २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे पैसे फेडता आले नव्हते. वारा तोच होता, पवनचक्क्याही फिरत होत्या. बुडवले ते कर्जाने. २०२३ मध्ये नवे भांडवल उभारून कर्ज फेडल्यावरच कंपनीला श्वास घेता आला.

उलट कोल इंडिया, म्हणजे नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सची मूळ कंपनी, कर्जावर फारशी चालत नाही. म्हणून भाव चढतच राहिला का? नाही. २०१० मध्ये २४५ रुपयांना विक्रीस आलेला शेअर दहा वर्षांनी निम्म्याच्या आसपास होता, आणि २०२४ मध्ये पाचशेच्या पुढे गेला. लेकीच्या लग्नासाठी दोन वर्षांत लागणारा पैसा अशा ठिकाणी ठेवायचा नसतो.

(पारसच्या वीज केंद्राचा शेअर मिळेल का, असे काहींनी विचारले आहे. ते केंद्र महानिर्मितीचे, आणि महानिर्मिती बाजारात नाही.)

फंडांचे थोडक्यात. ऊर्जा क्षेत्राचा फंड किमान ८० टक्के पैसा त्याच विषयात घालतो, पण कर्जाची आपली चाळणी लावत नाही. टाटा एथिकल, टॉरस एथिकल किंवा निफ्टी ५० शरिया बीज हे चाळणी लावतात, पण ते केवळ ऊर्जेचे नाहीत. दोन्ही एकाच वेळी हवे असेल तर शेअर स्वतः निवडावे लागतील.

राहिला 'ट्रेडिंग'चा प्रश्न. जे आपल्या ताब्यात नाही ते विकू नये, ही हदीसची शिकवण आहे. त्यामुळे हातात नसलेला शेअर आधी विकून नंतर घेणे बसत नाही, आणि ब्रोकरने व्याजावर दिलेल्या पैशाने खरेदीही नाही. शेअर दुसऱ्या दिवशी डीमॅटमध्ये जमा होतो. तो आल्यावर विका. वायदे आणि ऑप्शनबद्दल सेबीचाच अभ्यास सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात गेले, सरासरी सुमारे दोन लाखांनी. टेलिग्रामवर टिप विकणारे हे सांगत नाहीत.

यादी पाच-सहा नावांचीच ठेवा आणि दर वर्षी अहवाल आला की कर्जाचा रकाना पुन्हा तपासा. कंपनीच्या उत्पन्नात २ टक्के व्याज असेल तर ५०० रुपये लाभांशातले १० रुपये सवाबची नियत न ठेवता गरजूला द्यावेत. विक्रीसाठी घेतलेल्या शेअरवर जकात बाजारभावाने काढावी. शंका असल्यास जवळच्या मुफ्तीसाहेबांना ताळेबंद दाखवूनच विचारावे, नुसते नाव सांगून नव्हे.

आणि ज्यांच्याकडे पक्के छत आहे त्यांनी आधी घरचे बिल पाहावे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. उरलेली रक्कम व्याजी कर्ज न काढता भरता आली, तर त्या विजेचा भाव बाजार उघडला काय आणि पडला काय, बदलत नाही.