ओझ्याचा हिशेब

पुण्यात दिवाळीआधीचे आठ-दहा दिवस कचरावेचक बायांना फार जड जातात. घरोघरी माळे उपसले जातात आणि रद्दी, पुठ्ठे, फुटक्या बरण्या, गंजलेले डबे, फाटक्या गाद्या एकदम दारात येऊन पडतात. ते उचलायचे, ओले-सुके वेगळे करायचे, सुक्यातून विकाऊ माल निवडायचा, पोती भरायची आणि भंगाराच्या दुकानात काट्यावर घालायची. तिथून माल ठोक व्यापाऱ्याकडे आणि पुढे कारखान्यात जातो. आजचा दिवाळी अंकही कधीतरी याच वाटेने जाऊन पुन्हा कागद होतो. या साखळीत ज्या हातांना सर्वांत जास्त घाण लागते, त्यांनाच सर्वांत कमी भाव मिळतो.

अशा कामाला ‘अनौपचारिक’ म्हणतात. घानातल्या आक्रा शहराचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी हा शब्द मांडला. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या केनियाविषयीच्या अहवालाने तो सर्वतोमुखी केला. याच संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातले सुमारे २०० कोटी लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक, अशाच कामावर जगतात. शब्द सोयीचा असला तरी त्यातून एक चुकीचा अर्थ निघतो: या कामाला रीत नाही, त्यात कसब नाही. प्रत्यक्षात कोणते प्लास्टिक विकले जाईल आणि कोणते नाही, हे वेचणारी बाई हाताला लागताच सांगते. तिच्या कामात नसतो तो हजेरीपट, नसते ती पगाराची चिठ्ठी, आणि तिच्या कष्टांना उत्तरदायी असा मालक.

हे काम बायांकडेच का आले, याचे उत्तर जातीत आणि भांडवलात आहे. पुण्यातल्या कचरावेचकांत दलित स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून शहरात आलेली अनेक कुटुंबे झोपडपट्ट्यांत स्थिरावली. ज्यांच्याकडे ना शिक्षण होते ना ओळखपाळख, त्यांच्यातल्या बायकांना कचराकुंडी तेवढी उघडी होती. तिथे भांडवल लागत नाही, कुणी विचारत नाही, पहाटे निघून पोरे उठायच्या आत एक फेरी होते. याच धंद्यात दारोदार भंगार विकत घेणारे फेरीवाले मात्र बहुतेक पुरुष आहेत. विकत घ्यायला हातगाडी लागते आणि गाठीला सकाळची रोकड लागते. एकच माल, पण एकाकडे तो घराच्या दारातून कोरडा येतो आणि दुसरीला उष्ट्याखरकट्यातून उपसावा लागतो. रोकड कुणाच्या हातात असते, एवढ्यावर हा फरक ठरतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या या बायांपर्यंत पोहोचल्या. अक्षरओळखीआधी प्रश्न निघाला तो कचऱ्याचा: घरातच ओले-सुके वेगळे झाले, तर कुंडीत हात घालावा लागणार नाही. पुढे हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांची साथ मिळाली आणि १९९३ मध्ये ‘कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. या संघटनेचे पहिले मोठे यश ओळखपत्राचे होते. महापालिकेने मान्य केलेले, छायाचित्र असलेले कार्ड. पाठीवर पोते घेतलेल्या बाईला चोर समजून अडवले जाते, हे ज्यांनी सोसले त्यांनाच या कार्डाची खरी किंमत कळते.

२००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला आणि कुंडी उपसणाऱ्या बाया घरोघरी कचरा गोळा करू लागल्या. ऊन, पाऊस, कुत्रे आणि सुया यांच्यापासून काहीशी सुटका झाली. पण पगार महापालिका देत नाही. दर घराकडून महिन्याचे शुल्क मागायचे आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून भर घालायची, अशी ही कमाई आहे. शुल्क थकले की कष्ट फुकट जातात. बाजारात पुठ्ठ्याचा भाव पडला की चूल त्याच आठवड्यात मंदावते. शहराचे जे काम आहे, त्याची जोखीम बायांनी उचलायची, हे न्याय्य नाही.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात कचरावेचकांनी वर्षानुवर्षे न्यायालयात लढा दिला. तिथल्या घटना न्यायालयाच्या आदेशांनंतर २०१३ पासून शहर त्यांना टनामागे पैसे देऊ लागले. माल विकून जे मिळते ते वेगळे, आणि कचरा वाहून शहराची जी सेवा केली, तिचे मोल वेगळे. पुण्यातली मागणीही फारशी निराळी नाही. भारतात २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. त्याच नियमांनी सॅनिटरी पॅड गुंडाळण्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्याआधी पुण्यातल्या बायांनी वापरलेल्या पॅडची पोती कंपन्यांकडे परत पाठवली होती. उघडे पॅड रोज हाताने वेगळे करावे लागतात, हे कंपन्यांपर्यंत पोहोचवायला त्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता.

म्हातारपणाची सोय अजून व्हायची आहे. गुडघे, कंबर आणि दमा घेऊन साठी उलटलेल्या बाया गाडी ढकलतात, कारण ती थांबवली तर त्या दिवसाची कमाई बुडते. त्यांना पेन्शन देणारा मालक नाही आणि केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतून साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे.