पुढे काय?

दिवाळीला माहेरी, वढू बुद्रुकला, गेले म्हणजे माझ्यापुढे दोन कामे ठेवलेली असतात. एक, यंदा चकल्या का हसल्या याची आईने मांडलेली कारणमीमांसा ऐकून घेणे. आणि दुसरे, घरातल्या मुलांच्या भवितव्याविषयी मत देणे. मी कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा मला भवितव्यातले काही कळत असणार, अशी आमच्या घरची समजूत आहे. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांची अशी समजूत मुळीच नाही, ही गोष्ट मी घरी अजून सांगितलेली नाही.

यंदा मत हवे होते ते भाचीविषयी. ती सातवीत आहे. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिच्या हाती हॉकीची काठी दिली, आणि तेव्हापासून ती काठी तिने खाली ठेवलेली नाही. आता सर म्हणतात, बालेवाडीला क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीला पाठवा. धाकट्या भावाने पाडव्याच्या दिवशी, फराळाचे ताट पुढे सरकवता सरकवता, विषय काढला.

"आक्का, पोरगी पळती चांगली, त्यात वाद नाही. पण एवढं खेळून पुढं काय?"

मी उत्तर देण्याआधीच उत्तर मागणारी स्वतः मध्ये आली. तिने मोबाइलवर एक चित्र दाखवले. पांढऱ्याशुभ्र बर्फावर, पायांत पात्यांचे बूट घालून, अंगावर गादीएवढे कपडे चढवून मुली हॉकी खेळत होत्या. चेंडूच्या जागी काळी रबरी चकती. "आत्या, बर्फावरपण हॉकी असती? नि ह्या मुली आपल्याच देशातल्या?"

होय, आपल्याच. लडाखच्या. भावाचे उत्तर मला या चित्रापासूनच सुरू करावे लागले.

लडाखात थंडी पडली की तळी गोठतात, आणि जेमतेम दोन महिने खेळायला मैदान मिळते. एवढ्या भांडवलावर आपला मुलींचा संघ २०१६ साली पहिल्यांदा परदेशी, तैपेईला, गेला आणि सारे सामने हरून आला. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपाइन्सला हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला. २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन येथे आशिया चषकात त्यांना कांस्यपदक मिळाले. अल ऐन म्हणजे वाळवंटातले गाव, बरे का! वाळवंटात बारमाही बर्फ तयार करता येतो. आमच्या मुलींना मात्र तो हिमालयात पौष-माघाची वाट पाहून मिळतो. म्हणजे मुली वर्षातले दोन महिने खेळाडू आणि उरलेले दहा महिने 'पुढे काय' या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या.

हा प्रश्न श्रीमंत देशांत विचारत नसतील असे वाटते ना? मलाही वाटत होते. पण कॅनडात, जिथे बर्फाला तोटा नाही, तिथली मुलींची आइस हॉकी लीग २०१९ साली पैशाअभावी बंद पडली. ऑलिंपिक गाजवलेल्या मुली एका दिवसात बिनघरच्या झाल्या. तेव्हा कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोनशेहून अधिक खेळाडूंनी मिळून जाहीर केले की, पोट भरेल आणि टिकेल अशी लीग मिळेपर्यंत आम्ही तिथल्या कुठल्याही लीगमध्ये खेळणार नाही. खेळाडूला न खेळणे म्हणजे उपासच की. तो उपास फळाला आला १ जानेवारी २०२४ रोजी. त्या दिवशी टोरांटोला नव्या लीगचा पहिला सामना झाला. सहा संघ होते. चारच महिन्यांत माँट्रिअलच्या एका सामन्याला २१,१०५ माणसे आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या हंगामात संघ आठ झाले होते.

"ते कॅनडाचं झालं," भाऊ म्हणाला. "आपल्याकडं लीग म्हंजे काय, हेच ठाव नाही."

इथे मात्र मी त्याला धरला. म्हटले, अरे, चैत्रात गावोगावच्या यात्रा लागल्या की तू लहानपणी कुठे असायचास? आज ह्या गावच्या आखाड्यात, चार दिवसांनी त्या गावच्या. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी, मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या, आणि उन्हे कलली की शेवटची मानाची कुस्ती. आज रेवडी जिंकणाऱ्या पोराला पुढची पायरी दिसत असते, आणि त्याही पुढे पार वर महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा दिसत असते. कुणा पैलवानाच्या बापाने 'पुढे काय' विचारले तर यात्रांची यादीच त्याच्या हातात ठेवता येते. लीग म्हणजे दुसरे काय? आजचा सामना हरला तरी पुढल्या आठवड्यात सामना आहे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा आहे, ही खात्री. मुलग्यांची लीग गावाने शेकडो वर्षे वर्गणी काढून चालवली. मुलींसाठी कुणी यादी केली नाही, इतकेच.

केली नाही असेही अगदी म्हणता येणार नाही. एप्रिल १९७३ मध्ये आपल्या पुण्यातच मुलींची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली. संघ किती? तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. लोकांनी कौतुक केले असेल, थट्टाही केली असेल. पण चालवणाऱ्यांनी एक शहाणपणा केला, ते थांबले नाहीत. त्याच वर्षाअखेर वाराणशीला आठ संघ आले, आणि त्यापुढे कलकत्त्याला चौदा. तीन वर्षांत भारताच्या मुली वेस्ट इंडीजशी कसोटी खेळल्या. बरोबर पन्नास वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, मुंबईत मुलींची मोठी लीग सुरू झाली आणि सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. वर्तमानपत्रांनी आकडा छापला. मधली पन्नास वर्षे छापायला जागा नव्हती.

उलट उदाहरणही सांगायला हवे, नाहीतर भावाला फसवल्यासारखे होईल. कबड्डी तर आपल्या मातीतली. २०१६ साली मुलांच्या लीगबरोबर मुलींचेही तीन संघ उतरले. एकाची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. हैदराबादला अंतिम सामना झाला, तो अवघ्या एका गुणाने सुटला. याहून रंगतदार काय हवे? पण पुढल्या वर्षी ती स्पर्धा भरलीच नाही. पहिले वर्ष हौसेने होते, हो. दुसऱ्या वर्षाला हिशेब लागतो.

आणि हॉकी? मुलांची हॉकी लीग २०१३ साली आली तेव्हा मुलींना तीत जागा नव्हती. ती मिळाली जानेवारी २०२५ मध्ये, रांचीला, चार संघांची. २६ जानेवारीच्या अंतिम सामन्यात ओडिशाचा संघ २-१ असा जिंकला, आणि ते दोन्ही गोल एकाच मुलीचे होते. तिचे नाव ऋतुजा पिसाळ, आपल्या सातारा जिल्ह्याची. भारताकडून खेळणारी वैष्णवी फाळके फलटण तालुक्यातल्या आसूची, शेतकऱ्याच्या घरातली, आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतच घडलेली. हे ऐकल्यावर भाचीने आपल्या बापाकडे असे पाहिले, की मला माझे व्याख्यान थांबवावे लागले.

पण खरे सांगायचे तर मी तावातावाने बोलत होते त्याचे कारण सातारा नव्हे नि टोरांटोही नव्हे. ते कारण स्वयंपाकघरात फळीवर आहे. स्टीलचा एक पेला. आठवीत असताना आमचा मुलींचा कबड्डीचा संघ तालुक्यात पहिला आला, आणि बक्षीस म्हणून प्रत्येकीला एकेक पेला मिळाला. पुढचे सामने जिल्ह्याला, म्हणजे एक रात्र मुक्काम. शाळेत विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळाले, "मुलींना मुक्कामी कोण नेणार?" कुणी वाईट बोलले नाही, कुणी रागावले नाही. फक्त कुणी नेले नाही. त्या सातजणींपैकी पुन्हा मैदानात उतरलेली एकही मला ठाऊक नाही. आम्ही हरलो असतो तर मला इतके लागले नसते. आम्ही हरलोच नव्हतो. आमचा पुढचा सामनाच नव्हता.

आई त्या पेल्यात हल्ली मीठ ठेवते.

भाऊ बराच वेळ गप्प होता. भावजयीने चहा आणला, तो निवून गेला. मग तो म्हणाला, "आक्का, लीग बंद पडली तर?"

"पडेलही," मी म्हटले. "कॅनडातली पडली, कबड्डीची पडली. शेतात कांदा लावताना भावाची हमी असते का तुला? तरी लावतोसच. पोरीला एक रोप लावू दे."

ही उपमा वर्गात दिली असती तर मुले हसली असती. वढूत कांद्यावर कुणी हसत नाही.

"बरं," तो म्हणाला. "पण चाचणी सकाळी लवकर असती. आदल्या दिवशी पुण्याला जावं लागंल. मुक्कामी कोण नेणार?"

तीस वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न, त्याच शब्दांत. त्याला काही त्याची आठवण असायचे कारण नाही. तो तेव्हा लहान होता. पण आई चकली तळता तळता थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली.

"मी," मी म्हटले.