हात न लावता भाव

खामगावात माझी कापसाची अडत होती. गाडी आली की चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ओढून धागा बघायचा, सरकी दाताखाली फोडून ओल पाहायची, मग भाव बोलायचा. हात न लावता भाव बोलणाऱ्याला आम्ही अडत्या म्हणत नसू.

2025च्या उन्हाळ्यात भाचा मोबाईलवर बीजीएमआय या लढाईच्या व्हिडिओ गेमच्या एका सामन्यात कोण जिंकेल यावर पैसे लावताना सापडला. ‘‘मामा, हा जुगार नाही, अंदाज हाये,’’ म्हणाला. ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन पावत्या, दोन्हींची किंमत मिळून दहा रुपये. ‘हो’ सहाला जात असेल तर बाजाराच्या मते साठ टक्के शक्यता. खरं निघालं तर दहा हातात, नाही तर भोपळा.

खोटं कशाला बोलू, कल्पना मला आवडली. हजार जणांची तुटकतुटक माहिती एका भावात गोळा होते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने 1988 साली अध्यक्षीय निवडणुकीवर असाच छोटा बाजार मांडला होता. अंदाज आमच्याकडेही बांधतात. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला आखाजीच्या संध्याकाळी घट मांडतात: गोलात धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर घागर, राजाच्या गादीसाठी विडा. पहाटे पाहून वर्षाचं भाकीत. ते चुकलं तर सांगणाऱ्याच्या खिशातून दमडी जात नाही. (त्यावर विसंबून पेरणाऱ्याच्या जाते, ती वेगळी.) बाजारात चुकणारा लगेच पैसे मोजतो, म्हणून नीट विचार करतो, असा हिशेब.

पण या खेळात रुईला हात कोण लावतो? सोळा संघ, चौसष्ट पोरं, आणि ज्यात राहिलं तरच टिकता येतं ते सुरक्षित वर्तुळ शेवटी कुठे आवळेल हे कोणालाच ठाऊक नसतं. जे कळण्यासारखं आहे, म्हणजे कोणाचं संघाशी बिनसलंय, कोण मुद्दाम हरणार आहे, ते खेळणाऱ्यांच्या खोलीतच असतं. 2014 मध्ये आयबायपॉवर या अमेरिकी संघाचे खेळाडू काउंटर-स्ट्राइक या व्हिडिओ गेमचा सामना ठरवून हरले. 2015च्या जानेवारीत त्यांच्यावर बंदी आली. त्या सामन्याचा भाव सर्वांत अचूक कोणाला माहीत होता, ते सांगायला नको.

आणि कापूसवाल्याने तरी फार मिजास करू नये. मटका आमच्याच पोटचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-बंद होते दर तारेने मुंबईत यायचे, लोक त्यांच्या आकड्यांवर पैसे लावायचे. 1961च्या सुमारास ते थांबलं, तेव्हा आकड्यांच्या चिठ्ठ्या मटक्यात पडल्या. कापूस गेला, ‘ओपन-क्लोज’ राहिलं.

22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही झालेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्या पोराला शिक्षा नाही. रेघ बरोबर जागी ओढली, असं माझं मत. फक्त पैशांबरोबर अंदाज बांधायची सवयही फेकू नये.

म्हणून आता आमची एक वही आहे. सामन्याआधी भाच्याने टक्के लिहायचे, शेजारी कारण. हरला तर भजे त्याच्याकडून, जिंकला तर माझ्याकडून. परवा त्याने एका संघापुढे सत्तर लिहिले. कारणाच्या रकान्यात होतं, ‘आपली टीम’. मी वही परत सरकवली. त्याने बराच वेळ पेन चावलं, सत्तर खोडले आणि दहा लिहिले.