काळ्या चबुतऱ्यावरची माणसे

क्रांती चौकात सिग्नलला थांबलेल्या कुणालाही विचारून पाहा, ही क्रांती कोणती? बहुतेक जण शिवरायांच्या पुतळ्याकडे बोट दाखवतील. कुणी मुक्तिसंग्रामाचे नाव घेईल. या जागेला काळा चबुतरा म्हणत आणि १८५७ च्या सैनिकांना इथे ठार मारण्यात आले, हे सांगणारा एखादाच जुना माणूस निघतो.

आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते. छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ होते. फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज. तिच्या खर्चापोटी कंपनीने १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब आपल्या ताब्यात घेतला होता. म्हणजे सारा भरणार धाराशिवचा शेतकरी आणि हुकूम सोडणार कॅप्टन ॲबट!

जून १८५७ मध्ये या घोडदळात कुजबुज सुरू झाली, की आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार. स्वारांनी निजामाच्या मुलखाबाहेर पाऊल टाकायला नकार दिला. पुण्याहून महूकडे निघालेले जनरल वुडबर्नचे सैन्य घाईघाईने इकडे वळवण्यात आले. छावणीत तोफा रोखल्या गेल्या. जमादार अमीरखानाने भर संचलनात ॲबटला तोंडावर उत्तर दिले. धावपळीत काही स्वार निसटले, त्यांच्यामागे तोफा डागल्या गेल्या. ॲबटवर गोळी झाडणाऱ्या दफेदार मीर फिदाअलीला फाशी झाली. पुढे लष्करी न्यायालये बसली. कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिले.

याला लढाई कशी म्हणायची, असे कुणी म्हणेल. ना किल्ला, ना वेढा, ना विजय. मला मात्र हा आक्षेप पटत नाही. आपल्याच देशबांधवांवर चालून जाणार नाही, एवढे म्हणण्यासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांची लढाई तोफा धडाडण्याच्या आधीच सुरू झाली होती. इंग्रजांनी त्याला बंड म्हटले. आपणही बरीच वर्षे तोच शब्द गिरवला.

शिवाय ही ठिणगी इथेच विझली नाही. औरंगाबाद-बुलढाण्याकडच्या घोडदळातून पळालेला जमादार चीदाखान हैदराबादेत पकडला गेला आणि दिवाण सालारजंगांनी त्याला इंग्रजांच्या हवाली केले. त्याच्या सुटकेसाठी १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर हल्ला चढवला. तुर्रेबाजखान पुढे मारला गेला, मौलवींच्या वाट्याला अंदमान आले.

या स्वारांना आपण विसरलो, याचे कारण मला असे दिसते, की ते कुणाच्याच गोष्टीत नीट बसत नाहीत. निजाम इंग्रजांच्या बाजूचा, म्हणून दरबारी इतिहासात ते गुन्हेगार. १८५७ म्हटले की आपल्याला झाशी, कानपूर, मेरठ आठवते. आणि मराठवाड्याचा स्वातंत्र्यलढा तर आपण १९३८ च्या सत्याग्रहापासूनच मोजू लागतो.

हैदराबादेत तुर्रेबाजखानाच्या नावाचा रस्ता आहे. आपल्या शहरात फिदाअलीच्या नावाची साधी गल्लीही माझ्या पाहण्यात नाही. १७ सप्टेंबरला शाळाशाळांत ध्वजवंदन होते, भाषणे होतात. त्या सकाळी गुरुजींनी मुलांना क्रांती चौकापर्यंत चालत न्यावे आणि तिथे उभे राहून ही चार नावे मोठ्याने वाचावीत: अमीरखान, फिदाअली, चीदाखान, तुर्रेबाजखान.