टेबलावरची तळेगावकर

माझ्या लॅपटॉपशेजारी एक हिरवीगार गाडी पार्क केलेली असते. तळहातावर मावेल एवढी. इकडून तिकडून उलगडली की तिचा रोबो होतो. घरी येणारा प्रत्येकजण आधी तिच्याशी खेळतो आणि मग विचारतो, 'कुठली गं ही?' मी सांगते, 'आपल्या तळेगावची!' मग समोरच्याचा चेहरा बघायचा...

अगदीच थाप नाही हं. 2009 मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स'चा दुसरा सिनेमा आला. त्यातला स्किड्स नावाचा वात्रट रोबो ज्या गाडीचं रूप घ्यायचा, ती शेव्हरोलेची बीट. तेव्हा ती कन्सेप्ट कार होती. जानेवारी 2010 मध्ये खरी बीट भारतात लाँच झाली आणि जनरल मोटर्सच्या तळेगावच्या प्लांटमध्ये बनायला लागली. दादाने मोठी बुक केली आणि मला ही छोटी दिली.

शेव्हरोले हे मुळात माणसाचं आडनाव. लुई शेव्हरोले, जन्माने स्विस, धंद्याने रेसर. विल्यम ड्युरंटच्या जोडीने 1911 मध्ये त्याने डेट्रॉइटला ही कंपनी काढली. 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि 1954 मध्ये गाशा गुंडाळला. शेव्हरोले परत आली ती थेट 2003 मध्ये. 2008 मध्ये तळेगावचा प्लांट सुरू झाला. 2017 संपता संपता भारतातली विक्री बंद! पुढची तीन वर्षं तळेगावच्या गाड्या फक्त परदेशी जात होत्या. डिसेंबर 2020 मध्ये तेही थांबलं.

म्हणजे एकाच ब्रँडने महाराष्ट्राला दोनदा टाटा-बायबाय केलं.

गंमत बघा, शोरूम गेले, पण मॉलमधल्या खेळण्यांच्या रॅकवर शेव्हरोले आजही लटकलेली दिसते. 1968 मध्ये हॉट व्हील्सने पहिल्या सोळा गाड्या काढल्या, त्यात सगळ्यात आधी आली ती शेव्हरोलेची कॅमेरो. या छोट्या गाड्यांचं माप साधारण एकास चौसष्ट. दादाची बीट 3,640 मिलिमीटर लांब आहे. या मापात ती जेमतेम 57 मिलिमीटर भरेल. आपल्या करंगळीएवढी!

मागच्या रविवारी भाचा आला होता. गाडी उलटीपालटी करत त्याने विचारलं, 'आत्या, ही कुणी बनवली?' खेळण्यावर कंपनीचं नाव होतं, ते वाचून दाखवलं. 'आणि बाबाची?'

इथे मात्र मी अडकले. निगडीच्या चौकात पहाटे कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं आठवली. प्लांट थांबल्यावर 2021 मध्ये चौदाशेहून जास्त कामगारांना कपातीचा फटका बसला, युनियन कोर्टात गेली. 2024 मध्ये प्लांट ह्युंदाईने घेतला आणि 2025 पासून तिथून व्हेन्यू बाहेर पडते आहे. मशीनं पुन्हा चालू झाली, छानच. पण त्या चौदाशेंचं एकास चौसष्टचं मॉडेल कुठल्याच रॅकवर मिळत नाही.

'तळेगावच्या दादा लोकांनी,' मी म्हटलं.

'मग त्यांचं नाव कुठे लिहिलंय?' म्हणत तो खाली पार्किंगमध्ये पळाला. बाबाच्या बीटखाली वाकून बघायला.